हँडलवरचं फडकं

१

टेलरमास्तरांच्या आईला क्रीमचा केक फार आवडायचा. तोंडात दात उरले नव्हते, पण जीभ शाबूत होती. मास्तर रोज संध्याकाळी समोरच्या बेकरीतून एक तुकडा आणत, म्हातारी तो चमच्याने चाटूनपुसून खाई आणि मगच जेवायला बसे. एक दिवस तो तुकडा खाल्ल्यावर ती जेवायला बसलीच नाही. रात्रभर उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने प्राण सोडला.

त्याच दिवशीचा केक खाऊन गल्लीतली आणखी काही माणसं आजारी पडली होती. ती धडधाकट होती, निभावली. अन्नखात्याने क्रीम तपासलं, ते नासलेलं निघालं, आणि बेकरीला सील लागलं. मास्तरांनी ग्राहक म्हणून आमच्याकडे तक्रार दिली. ती इकडून तिकडे फिरत शेवटी माझ्या टेबलावर येऊन पडली.

मी ग्राहक संरक्षण खात्यात तपासनीस आहे. इतकी वर्षं इथे काढल्यावर माझा स्वभाव गोड राहिलेला नाही, आणि राहावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. आमचे साहेब म्हणाले, "सरळ प्रकरण आहे, बाई. बेकरीवाल्यावर ठपका ठेवा आणि मोकळ्या व्हा." मोकळं व्हायला माझी काहीच हरकत नव्हती.

तपासापुरतं सील काढून मी आत गेले तेव्हा बेकरीकाका आणि त्यांची सून दोघं माझ्यामागे उभे होते. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे भट्टी काका सांभाळायचे आणि गल्ला सून. दुकान छोटं, पण कुठे पीठ सांडलेलं नाही की माशी बसलेली नाही. भिंतीवरच्या खिळ्याला धुतलेली फडकी टांगलेली, सगळी सारखी, लाल काठाची. सून ती मैद्याच्या पोत्यांतून कापून शिवते, असं काकांनी मी न विचारताच सांगितलं. माणूस घाबरला की नको ते सांगत सुटतो.

काचेच्या दाराचा उंच फ्रीज समोरच होता. दारावर क्रीम पुरवणाऱ्या कंपनीचं नाव हे एवढ्या अक्षरांत. आत मस्त गार. तपासायचं असं काही दिसेना. मग अगदी खालच्या फळीवर मागे ढकललेले जेलीचे कप दिसले. लाल जेली, प्रत्येकात एक चेरी, आणि प्रत्येक चेरी तळाला.

"काका, चेरी खाली घालता?"

"छे हो. वर. जेली अर्धी जमली की वर ठेवायची, म्हणजे बसते. गिऱ्हाईक वरची चेरी बघूनच कप उचलतं."

मी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"त्या दिवसांत उकाडा होता," मी म्हटलं. "जेली पार वितळली, चेऱ्या बुडाल्या, आणि मग ती पुन्हा गोठली. हा फ्रीज एक आख्खी रात्र बंद होता, काका. सकाळी कुणीतरी चालू केला, आणि दिवसभर तुम्ही त्यातला केक विकलात. कुणी बंद केला होता?"

काकांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने काकांकडे पाहिलं. आणि मग दोघं एकदमच म्हणाले, "माहीत नाही."

२

तो फ्रीज काकांचा नव्हताच. कंपनीने तो फुकट वापरायला दिला होता. अट एकच, क्रीम आणि लोणी आमचंच ठेवायचं. गल्लीतल्या बहुतेक दुकानांत असेच फ्रीज होते. प्रत्येकाच्या पाठीला एक लहानशी डबी बसवलेली असते आणि त्या डबीतून कंपनी आपल्या ऑफिसात बसून फ्रीज बंद पाडू शकते. म्हणे चोरी झाली तर उपयोगी.

मधल्या काळात काकांनी शेजारच्या डेअरीतून थोडं क्रीम घ्यायला सुरुवात केली होती. ते ताजं होतं आणि परवडत होतं. ज्या संध्याकाळी हा घोटाळा झाला, त्याच दुपारी कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याने फ्रीज उघडला, डेअरीच्या बरण्या पाहिल्या आणि एक शब्दही न बोलता निघून गेला.

आता यात कायद्याची गंमत पाहा. मास्तरांनी केक खाण्यासाठी घेतला, म्हणून ते ग्राहक. काकांनी फ्रीज आणि क्रीम धंद्यासाठी घेतलं, म्हणून ते ग्राहक नाहीत. मास्तरांच्या तक्रारीवरून मी काकांना फरफटत नेऊ शकत होते. काकांच्या तक्रारीवरून कंपनीला साधं 'का?' म्हणून विचारायचाही मला हक्क नव्हता. आमचा कायदा खालच्या पायरीवरच्या माणसापर्यंत नीट पोहोचतो आणि तिथेच दमून बसतो.

हे बदलावं म्हणून एका दुरुस्तीचा मसुदा समितीपुढे होता. लहान दुकानदारालाही ग्राहकासारखंच संरक्षण, आणि दिलेलं यंत्र दुरून बंद पाडून त्याला वेठीला धरणं ही अनुचित प्रथा. कंपन्यांचं म्हणणं, असं कधी घडतच नाही, मग कलम कशाला? पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. "एक उदाहरण दाखवा बाई, एक," साहेब म्हणाले. "नाहीतर ते कलम गेलंच."

हक्क नसला तरी विनंती करता येते. कंपनीचा विभागीय अधिकारी स्वतः बेकरीत आला. मी मनातल्या मनात त्याचं नाव 'गुळगुळीत' ठेवलं. बोलणं गुळगुळीत, दाढी गुळगुळीत, आणि कुठेही बोट ठेवावं तर सटकणार.

"मॅडम, ती सोय आम्ही आजवर एकदाही वापरलेली नाही," तो म्हणाला. "या गावात नाही, कुठेच नाही. समितीपुढे मी शपथेवर सांगणार आहे."

"मग फ्रीज बंद कसा पडला?"

"भिंतीवरचं बटण कुणीतरी बंद केलं, दुसरं काय? आणि हे कळायला सोपं आहे. आमच्याकडून बंद झाला असता तर फक्त गारवा थांबतो. आतला दिवा चालूच राहतो, त्याचा डबीशी संबंध नाही. बटण बंद केलं तर दिवाही जातो. त्या रात्री दिवा होता की नव्हता, एवढं शोधा. हँडलवर काही टांगलेलं होतं का हो?"

"हँडलवर?"

"नाही, सहज विचारलं." आणि तो हवापाण्यावर बोलायला लागला.

काका भिंतीला टेकून उभे होते. तो गेल्यावर मी त्यांना स्पष्टच सांगितलं. बटण घरच्या माणसाने बंद केलं असेल तर हा सरळसरळ हलगर्जीपणा. दुकान कायमचं जाईल, आणि एक जीव गेलाय, तेव्हा नुसत्या दुकानावर भागणार नाही. काका मान हलवत राहिले. या वयात त्यांना तुरुंगाची भाषा ऐकवताना मला स्वतःचाच राग येत होता.

दिवा होता की नव्हता, हे सांगू शकेल असा एकच माणूस त्या गल्लीत होता, आणि त्याचीच आई गेली होती.

३

टेलरमास्तरांचं दुकान बेकरीच्या अगदी समोर. कोपऱ्यात एक खुर्ची होती, उशी घातलेली, आणि तिच्यावर कुणी बसत नव्हतं. मास्तर उभ्या-उभ्या एका कोटाला इस्त्री करत होते. आधी कापडावर लाल काठाचं ओलं फडकं, मग त्यावरून इस्त्री. वाफ निघाली की फडकं उचलायचं. बोलताना त्यांचा हात थांबला नाही.

"तुमची तक्रार काकांवर आहे," मी म्हटलं.

"तक्रार आईसाठी आहे. काकांवर आहे की नाही, ते तुम्ही ठरवायचं." इस्त्री बाजूला ठेवून ते म्हणाले, "मॅडम, मी हे दुकान टाकलं तेव्हापासून काका समोर आहेत. माझी कात्री त्यांच्याकडे असते, त्यांचा डबा माझ्याकडे. माझ्या लग्नातली खुर्च्यांची उठाठेव त्यांनी केली. आता समोर बघवत नाही म्हणून मी पडदा लावून बसतो. मला फक्त कळायला हवं, कुणी केलं. नाहीतर दोघांनाही झोप नाही."

मी त्यांना त्या संध्याकाळबद्दल विचारलं. त्यांना एक कोट शिवून द्यायची घाई होती म्हणून ते उशिरापर्यंत बसले होते. वीज गेली होती का? नाही, शिलाई मशीन सारखं चालू होतं. आणि बेकरीतला फ्रीजचा दिवा?

मास्तर विचारात पडले. "आता तुम्ही म्हणता तेव्हा आठवतं. काका मोठा दिवा मालवून मागच्या दाराने गेले की त्या फ्रीजचा निळसर उजेड इथे माझ्या टेबलावर पडतो. मी त्यातच काजं करतो, विजेची तेवढीच बचत. त्या दिवशी तो उजेड पडलाच नाही. मला माझा दिवा लावायला लागला, आणि काकांनी नवीन काटकसर काढली की काय, असं मी आईला म्हटलंसुद्धा."

म्हणजे दिवा बंद होता. म्हणजे भिंतीवरचं बटण बंद होतं. म्हणजे गुळगुळीत खरं बोलत होता.

मी गल्लीत येऊन उभी राहिले. समोर काका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "मास्तर जेवला का हो?"

४

माझा घसा कोरडा पडला होता, म्हणून चार दुकानं सोडून ज्यूसवाल्या मावशींकडे बसले. मावशी बोलण्यात पटाईत. काका कसे देवमाणूस आणि सून कशी कष्टाळू, हे एका दमात सांगत होत्या. तिथेही तोच कंपनीचा फ्रीज, घरघर करत होता. सांगता सांगता घरघर थांबली.

मावशींनी वाक्य तोडलं नाही. बोलत बोलतच त्यांनी हात मागे नेला, बटण बंद केलं, खांद्यावरचं फडकं काढून फ्रीजच्या हँडलला अडकवलं आणि पुढे बोलत राहिल्या. माझा ग्लास हातातच राहिला.

"मावशी, हे काय केलंत?"

"काय? हां, हे? विश्रांतीला टाकला."

"कशाला?"

"कंपनीने मान मुरगळली की असंच करायचं. काल दुसऱ्यांचा माल ठेवला होता ना मी, दिसला असेल मेल्यांना. बटण बंद करायचं, एक चहा होईस्तोवर थांबायचं, मग चालू. लगेच चालू केला तर उठत नाही. थांबलं की कंपनीचं सांगणं विसरतो आणि सकाळपर्यंत तरी इमानदारीत चालतो."

"आणि फडकं?"

"ते आठवणीला. मी इथून उठले आणि मालक आले, तर त्यांना कसं कळणार? हँडलवर फडकं दिसलं म्हणजे फ्रीज बंद आहे, चालू करायचाय. फडकं काढायचं ते बटण चालू केल्यावरच. सगळी गल्ली हेच करते."

मी खरोखरच सगळी गल्ली फिरले. फुलवाल्याकडे गेले, दूधवाल्या ताईंकडे गेले, कोपऱ्यावरच्या खानावळीत गेले. सगळ्यांना विश्रांती माहीत होती, सगळ्यांना फडकं माहीत होतं. हे कुणी शोधून काढलं ते कुणालाच सांगता येईना. खानावळवाला म्हणाला, "आमच्या सासरवाडीलाही असंच करतात की." त्याची सासरवाडी दुसऱ्या गावी.

कंपनीने जी गोष्ट कधी केलीच नाही, तिच्यावरचा उतारा गावोगाव पाठ होता. आणि मग मला गुळगुळीतचा तो प्रश्न आठवला. हँडलवर काही टांगलेलं होतं का हो? विश्रांती ज्याला ठाऊक नाही, त्याने हँडलबद्दल कशाला विचारावं?

पण मग बेकरीतलं फडकं कुठे होतं?

५

सुनेला मी मागच्या खोलीत भट्टीपाशी गाठलं. भट्टी कितीतरी दिवसांत पेटलेली नव्हती. सुनेचे डोळे सुजलेले होते.

"विश्रांतीला तू टाकलास," मी म्हटलं.

ती खालीच बसली. "मी टाकला. त्या माणसाने बरण्या पाहिल्या, आणि संध्याकाळी घरघर थांबली. मी बटण बंद केलं, फडकं लावलं आणि घरी स्वयंपाकाला गेले. बाबा दुकानात होते. रोजचंच आहे, मॅडम, मुद्दाम सांगावं लागत नाही. सकाळी मी आले तर दिवा बंद. फडकंही नव्हतं. बाबा पहाटेपासून भट्टीवर होते, मला वाटलं त्यांनीच आत्ता विश्रांतीला टाकला आणि फडकं लावायचं विसरले. मी बटण चालू केलं." ती थांबली. "मास्तरांची आई गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. पण मी बोलले असते तर सगळं बाबांच्या माथी आलं असतं. रात्री दुकान त्यांनीच बंद केलं होतं."

काकांना मी बाहेर पायरीवर विचारलं. त्यांचंही तेच, फक्त उलट्या बाजूने. "मी मोठा दिवा लावून बसलो होतो, त्यात फ्रीजचा दिवा आहे की नाही कळत नाही, आणि तो मालवायचं बटण मागे भट्टीच्या खोलीत आहे. हँडलवर फडकं नव्हतं. फडकं नाही म्हणजे फ्रीज चालू, एवढंच मला ठाऊक. पोर फडकं लावायला विसरली असणार. तिच्या अंगावर लहान लेकरू आहे, मॅडम. तिचं नाव घेऊ नका. मी विसरलो असं लिहा."

"ती विसरली नाही, काका. तिने लावलं होतं."

"मग गेलं कुठे?"

त्यांनी आपणहून समोर पाहिलं, नुसतं सवयीने. आणि मीही पाहिलं. मास्तरांचा पडदा थोडा सरकला होता. आत इस्त्रीच्या टेबलावर ओलं फडकं होतं. लाल काठाचं.

बेकरीत सगळी फडकी लाल काठाची, सुनेच्या हातची. मी ते फडकं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि वाफेकडे बघत बसले होते.

"त्या संध्याकाळी मास्तर तुमच्याकडे आले होते?"

काकांचा चेहरा उतरला. मग हळू आवाजात म्हणाले, "केक न्यायला आला होता. त्याचं इस्त्रीचं फडकं जळलं होतं म्हणाला. मी आत पाव काढत होतो. मी आतूनच ओरडलो, घे रे तिथलं एखादं. इतकी वर्षं तो घेतोच." त्यांनी माझा हात धरला. परक्या बाईचा हात त्यांनी आयुष्यात कधी धरला नसेल. "हे त्याला सांगू नका. त्याला फ्रीज नाही, त्याला काय माहीत फडकं म्हणजे काय? त्याची आई आहे हो ती. मी विसरलो असंच लिहा. मी तुरुंगात जाईन, माझं काय राहिलंय?"

मी हात सोडवून घेतला. काका विसरले असं लिहिलं तर काका जाणार, दुकान जाणार, आणि कलमही जाणार, कारण म्हाताऱ्याच्या विसराळूपणावर कुणी कायदा करत नाही. खरं लिहिलं तर मास्तर जाणार. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि याचा मला अजिबात अभिमान नाही.

६

सुनावणीच्या खोलीत पंखे आवाज करत फिरत होते. लांब टेबलामागे समिती, मध्ये अध्यक्षबाई. एका बाजूला गुळगुळीत आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला गल्लीतली दुकानदार मंडळी, ठेवणीतले कपडे घालून अवघडून बसलेली. काका आणि सून एका टोकाला. तक्रारदार म्हणून मास्तर मागच्या रांगेत एकटे.

गुळगुळीतने शपथेवर सांगितलं की फ्रीज दुरून बंद करायची सोय कंपनीने कधीही, कुठेही वापरलेली नाही. मग मी ज्यूसवाल्या मावशींना उभं केलं. त्यांनी विश्रांती समजावून सांगितली, चहासकट. मग फुलवाला, मग ताई, मग खानावळवाला. सगळ्यांचं तेच. मी अध्यक्षबाईंना म्हटलं, "जे कधी घडलंच नाही, त्याच्यावरचा उपाय इतक्या लोकांच्या हातात बसलाय. आणि ज्यांनी कधी फ्रीज बंद केला नाही, त्या साहेबांनी बेकरीत येऊन मला विचारलं की हँडलवर काही टांगलं होतं का. यांना फडकं ठाऊक होतं. फडकं ठाऊक आहे म्हणजे फ्रीज का बंद पडतो तेही ठाऊक आहे."

गुळगुळीतने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

वकील मात्र मुरलेला होता. "समजा, कंपनीने बंद केला. तरी या लोकांची पद्धत होती, फडक्याची. मग त्या रात्री फडकं का नव्हतं? कुणीतरी हलगर्जीपणा केलाच. फडकं कुठे गेलं, मॅडम?"

काका माझ्याकडे पाहत होते.

"पडलं असेल," मी म्हटलं.

"असेल? एका बाईचा जीव गेला आणि तुमचा तपास 'असेल'वर थांबतो?"

सगळी नोकरी मी लोकांना खरं बोला म्हणून दटावण्यात घालवली, आणि आता माझ्याच तोंडून खरं निघेना.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मास्तर उभे राहिले होते. मावशी बोलत होत्या तेव्हापासून ते मान खाली घालून बसले होते, हे मी पाहिलं होतं आणि पाहायचं टाळलं होतं.

"फडकं माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "माझ्या इस्त्रीच्या टेबलावर."

"मास्तर, बस खाली," काका म्हणाले. "तुला काही माहीत नाही."

"तेच सांगतोय, काका. मला माहीत नव्हतं." ते समितीकडे न बघता गुळगुळीतकडे बघत होते. "मला वाटलं, नुसतं टांगलंय. म्हणून घेतलं. त्यातला अर्थ मला ठाऊक नव्हता. काकांना होता, या पोरीला होता, आणि साहेब, तुम्हालाही होता. तुम्ही फ्रीज बंद केलात तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं की आता एका फडक्यावर सगळ्या गल्लीचं पोट आणि जीव टांगलेला आहे. तरी केलात." त्यांचा आवाज तिथे फुटला. "माझी आई माझ्या हाताने गेली. पण ते फडकं तिथे टांगायला तुम्ही लावलंत."

वकिलाने समोरचे कागद मिटले. काका उठून मागच्या रांगेत गेले आणि मास्तरांच्या शेजारी बसले. मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

७

कलम मंजूर झालं. लहान दुकानदार आता आमच्या कायद्यात ग्राहक आहे, आणि त्याचं यंत्र दुरून बंद पाडणाऱ्याला आम्ही जाब विचारू शकतो. पण कायदा पुढच्या गोष्टींना लागतो, मागच्यांना नाही. त्यामुळे कंपनीचं काही वाकडं झालं नाही. गुळगुळीतची दुसऱ्या विभागात बदली झाली, तीही बढतीवर, असं ऐकलं. बेकरीचं सील काढलं आणि काकांना ताकीद देऊन सोडलं. साहेबांनी माझं कौतुक केलं. मी रजा मागितली.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्या गल्लीतून जाताना मी काकांकडे पाव घ्यायला थांबले. कंपनीचा फ्रीज गेला होता. त्या जागी एक जुना, ठिकठिकाणी रंग उडालेला, पण काकांचा स्वतःचा फ्रीज होता. क्रीमचे केक आता ते करत नाहीत. हँडलवर काही नव्हतं. खिळ्याला लाल काठाची फडकी मात्र पूर्वीसारखीच होती.

मी पैसे देत असताना मास्तर आले. वाळले होते. ते दारातच थांबले, चौकटीच्या बाहेर. फडकी त्यांच्या हाताच्या अंतरावर होती.

"काका," त्यांनी विचारलं, "यातलं एक घेऊ का? चालेल ना घेतलं तर? कशासाठी ठेवलेलं नाही ना?"

इतक्या वर्षांत त्या दुकानातलं काही त्यांनी विचारून घेतलं नव्हतं. काका पाव बांधत होते, त्यांनी मान वर केली नाही.

"घे की, मास्तर," ते म्हणाले, आणि तरीही मास्तर उभेच राहिले. शेवटी सुनेने एक फडकं काढून त्यांच्या हातात दिलं.